अकरा ते चार

लांजेवार काका कुणालाही भेटले की "कसं काय?" असं विचारत नसत. ते विचारत, "ड्यूटी कशी?" बँकेच्या दारातल्या गार्डला, शाळेतल्या बाईंना, फुटपाथवर भाजी घेऊन बसलेल्या म्हातारीला, सगळ्यांना हाच प्रश्न. एकदा डेपोतल्या कंडक्टरच्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट नवरदेवाच्या हातात ठेवलं आणि विचारलं, "ड्यूटी कशी?" नवरदेव बिचारा सवयीनं म्हणाला, "सकाळचीच, काका."

"होती," काका म्हणाले आणि जेवायला गेले.

ते रायपूरला सिटी बस चालवायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण तरुणपणीच इकडे आलेले आणि गुढ़ियारीत घर करून राहिलेले. अंगानं सुपारीसारखे, मिशा जाड, आणि खाकी सदऱ्याचं वरचं बटण रायपूरच्या मे महिन्यातही लावलेलं. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात जेवणाचा डबा, ओला करून पिळलेला गमछा, इस्त्री केलेला एक पांढरा सदरा आणि चावीचं गजराचं घड्याळ. हे घड्याळ ते बसमध्ये स्टिअरिंगच्या बाजूला दोरीनं बांधून ठेवत. मोबाइल असताना घड्याळ कशाला, असं मी विचारलं होतं.

"मोबाइलमध्ये कंपनीचा टाइम असते," ते म्हणाले. "हा माझा हाय."

अंतर ते किलोमीटरमध्ये मोजत नसत, फेऱ्यांमध्ये मोजत. लेकीचं सासर दुर्गला, म्हणजे "दोन फेऱ्या". शेजारणीचं भांडण "एक फेरी चाललं". आणि एखादा माणूस फार बोलायला लागला की म्हणत, "याले टर्मिनस नाही."

मी त्यांच्या आयुष्यात आले ती ड्यूटी चार्ट बनवणारी क्लार्क म्हणून. आमगावजवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, घरात पहिली पदवीधर. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. बी.कॉम.चा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मिलमध्ये सगळ्यांना पेढे वाटले आणि मुकादमालाही एक दिला, जो त्यांनी एरवी दिला नसता. अशा घरातून आलेल्या मुलीला रायपूरच्या बस कंपनीत टेबल, खुर्ची आणि कॉम्प्युटर मिळाला, तर ती काय करेल? तिनं पहिला चार्ट सात रंगांत केला. सकाळच्या फेऱ्या पिवळ्या, दुपारच्या केशरी, संध्याकाळच्या जांभळ्या. दोन दिवस खपून मी तो छापला, नोटीस बोर्डावर लावला आणि उगीचच तिथे कागद चाळत उभी राहिले.

ड्रायव्हर लोक आले, आपापलं नाव शोधून गेले. काका मात्र चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले.

"हे तू बनवली का, पोट्टी?"

"हो."

"लय सुंदर. रांगोळी दिसून राहिली." मग त्यांनी एका पिवळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे पाय. नऊ चाळीसला मी तेलीबांध्याला पोचतो. अन् नऊ चाळीसलाच तेलीबांध्याहून निघतो."

"हो काका. वेळ वाया जात नाही."

"बरोबर. फक्त एवढं सांग, मी सकाळपासून जे पाणी पितो, त्याचं पुढं काय होते, थे कोणत्या रंगात हाय?"

मागे उभे असलेले चार ड्रायव्हर हसले. माझे कान तापले. कॉम्प्युटरवर बेरीज अगदी बरोबर आली होती, आणि त्या बेरजेत कुठेही माणसाला खाली उतरायला जागा नव्हती. काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या हातात दिलं. "रडू नको. पहिल्या दिवशी मी बस भिंतीत घातली होती. तू तर कागदातच घातली."

मी प्रत्येक टोकाला आठ मिनिटं टाकली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून सांगितलं की चार्ट समजून घ्यायचा असेल तर एक दिवस त्यांच्यासोबत काढावा लागेल. "तू टायपून राहिली, आम्ही चालवून राहिलो. एकदा बसून तर पाय."

मी मॅनेजर साहेबांची परवानगी काढली. पहाटे साडेपाचला डेपोत पोचले तर काका आधीच हजर. सही करायची, टायर ठोकून पाहायचे, ब्रेक, दिवे, पाणी, मग डेपोतून रिकामी बस घेऊन पहिल्या स्टॉपपर्यंत जायचं. सव्वासहाला पहिला प्रवासी चढला तोवर काकांची पाऊण तास नोकरी झाली होती. माझ्या चार्टवर त्यांचा दिवस सव्वासहाला सुरू होत होता. मी वहीत लिहून घेतलं.

त्यांची ड्यूटी तुकड्यांची होती. सकाळी ऑफिस-शाळेची गर्दी, संध्याकाळी परतीची, आणि मधली दुपार मोकळी. अकरा वाजता बस डेपोत लावायची आणि चार वाजता पुन्हा हजेरी. या अकरा ते चारचा पगार नाही, कारण माणूस मोकळा आहे. गुढ़ियारीला घरी जाऊन यावं तर अर्धा वेळ रस्त्यातच जातो. डेपोत बसावं तर एक पत्र्याचं शेड, आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसणं म्हणजे पापड होणं. बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली, बसच्या सावलीत, कुठे कुठे लवंडत.

काकांनी गमछ्यानं तोंड पुसलं. पिशवीतून इस्त्रीचा पांढरा सदरा काढला, खाकी सदरा घडी करून ठेवला, केसांवरून कंगवा फिरवला. समोर एकदम कुठल्या तरी खात्यातले निवृत्त हेडक्लार्क उभे राहिले.

"चल भाची."

"कुठे?"

"घर पाह्याले."

तेलीबांध्याच्या पुढे नव्या इमारती होतात, तिथल्या एका बिल्डरच्या ऑफिसात ते मला घेऊन शिरले. काचेचं दार, आत थंडगार हवा, सोफे. एक मुलगी पुढे आली. साडी, ओठांना लाली, छातीवर नावाची पट्टी: दुर्गा. तिनं काकांना पाहिलं आणि ती हसली, पण ओळख दिल्यासारखं नाही.

"आइए सर. थ्री बीएचके?"

"हव," काका म्हणाले. "आज मेरी भानजी भी आई है. कॉलेज में प्रोफेसर है. घर का फैसला यही करेगी."

मी बी.कॉम. दुसऱ्या श्रेणीत. दुर्गानं आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवला. आत खोट्या सफरचंदांची टोपली, पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेलं कपाट, कधीही कुणी न झोपलेला पलंग. काका गंभीरपणे सगळं पाहत होते. नळ सोडून पाहिला, पाणी नव्हतं. दारामागे वाकून पाहिलं.

"बाथरूम की खिड़की पूरब में है कि नहीं?"

"उत्तर में है सर."

"हूं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भानजी, उत्तर चलेगा?"

"विचार करावा लागेल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच प्रोफेसरचा वाटला.

मग आम्ही बाहेरच्या सोफ्यावर बसलो. बैठ्या टेबलावर माहितीपत्रकं पसरली. दुर्गाही समोर बसली. गार पाणी आलं, कॉफी आली. काकांनी पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि तिला विचारलं, "ड्यूटी कशी, बेटी?"

"दस से आठ, सर."

"बीच में?"

"बीच में भी दस से आठ," दुर्गा म्हणाली. तिनं टेबलाखाली एका पायातली सँडल काढली होती. मला वाटलं, नवी असेल, चावत असेल.

इथे, या सोफ्यावर, काकांनी मला खिशातून घडी घातलेला कागद दिला. "आता वाच."

तो कागद मी चांगली ओळखत होते. डेपो नव्या कंपनीकडे गेला होता आणि सगळ्या ड्रायव्हरांनी नव्या अटींवर शनिवारपर्यंत सह्या करायच्या होत्या. सह्या गोळा करायचं काम माझं. मॅनेजर साहेबांनी मला बजावलं होतं, "साइन लेना है, क्लास नहीं लेना है." कागद इंग्रजीत होता. महिन्याचा आकडा आधीपेक्षा थोडा मोठा होता, त्यामुळे लोक खुश होते. मी स्वतः तो कागद नीट वाचलेला नव्हता. मला चार महिन्यांची नोकरी होती, आणि त्या नोकरीतले पैसे घरी जात होते.

मी वाचायला लागले. मराठी माध्यमाची मुलगी इंग्रजी कायदा वाचते तशी, बोट ठेवून, मोबाइलमध्ये शब्द शोधत. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं. पगाराचे तास धरायचे ते पहिल्या स्टॉपवरून सुटायच्या चार्टमधल्या वेळेपासून शेवटच्या स्टॉपवर पोचायच्या चार्टमधल्या वेळेपर्यंत. मी ते दोनदा वाचलं. आधी हजेरीच्या सहीपासून किल्ली जमा करेपर्यंत तास धरत.

"म्हणजे टायर ठोकणं?" काकांनी विचारलं.

"धरणार नाहीत."

"डेपोतून स्टॉपवर बस नेणं?"

"नाही."

"तुकड्याच्या ड्यूटीत थे दिवसातून दोन डाव होते. दोन डाव जाणं, दोन डाव येणं."

"हो. आणि काका, आठ तास तर रोज भरायचेच आहेत. मोजणी दीड तासानं कमी झाली, म्हणजे आठ भरायला..." मी थांबले, कारण पुढचं मला तेव्हाच कळलं. "अजून एक फेरी करावी लागेल. रोज. त्याच पगारात."

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांची निवृत्ती चार महिन्यांवर होती. त्यांना एक फेरी जास्त करून फार काही होणार नव्हतं. पण डेपोत चाळिशीतले, तिशीतले लोक होते, ज्यांनी आकडा पाहून आत्ताच घरी फोन केले होते.

"बेटी," ते दुर्गाला म्हणाले, "वो बालकनीवाला नक्शा फिर से समझाओ. धीरे-धीरे."

शनिवारी मी सह्यांचं टेबल मांडून बसले. मला वाटलं काका आता भाषण करतील, गोंधळ होईल, साहेब मला विचारतील. काका आले, रांगेत पहिले उभे राहिले आणि सही करून मोकळे झाले. झोकदार, शेपटीची सही. मागचे लोक बघतच राहिले.

मग ते साहेबांकडे वळले. "साहब, इसमें जो लिखा है, वो सब मानना है ना?"

"बिल्कुल मानना है."

"एक-एक अक्षर?"

"एक-एक अक्षर, लांजेवार जी." साहेब खुश होते. बाकीच्यांनीही सह्या केल्या. मला काकांचा राग आला. इतकं बोट ठेवून वाचलं ते कशासाठी, असं वाटलं. रविवारी तात्यापाऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी दिवसभर कपडे धुतले, धुतलेलेही पुन्हा धुतले.

सोमवारी अकरा वाजून गेले. डेपोच्या फाटकातून एकही बस आत आली नाही. साडेअकराच्या सुमाराला काका चालत आले, खांद्याला पिशवी, आणि साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली.

"गाड़ी?" साहेबांनी विचारलं.

"तालाब के पास खड़ी है साहब. लाइन में, हैंडब्रेक लगा के, ताला मार के. आख़िरी स्टॉप पे पहुंच गई. मेरी ड्यूटी ख़तम."

"तो डिपो में कौन लाएगा?"

"वो काग़ज़ में नहीं है साहब."

साहेबांनी आधी हसून पाहिलं. मग बाकीचे यायला लागले; रविवारी काकांनी एकेकाच्या घरी फेरी मारली होती, हे मला नंतर कळलं. एकेक ड्रायव्हर, एकेक किल्ली. टेबलावर किल्ल्यांचा ढीग झाला. तिकडे तेलीबांधा तलावाच्या कडेला बसची रांग लागली होती, इतकी सरळ की फिरायला आलेले लोक थांबून फोटो काढत होते, आणि एका चणेवाल्यानं दोन बसच्या मधल्या सावलीत गाडी लावली होती. प्रवासी सगळे आपापल्या ठिकाणी वेळेवर पोचले होते, त्यात काहीही खोट नव्हती.

"अभी जाके ले आओ," साहेब म्हणाले.

"ले आता साहब. लेकिन अभी मैं ड्राइवर नहीं हूं. चार बजकर दस मिनट पे बनूंगा, वो भी पहले स्टॉप पे. बीच में कंपनी की गाड़ी चलाई और कुछ हो गया, तो लोग पूछेंगे कि ये पब्लिक का आदमी बस में कैसे बैठा."

"गाड़ी धुलेगी कब? डीज़ल?"

"वो भी देखा मैंने साहब. काग़ज़ में नहीं मिला."

साहेबांनी चष्मा काढला आणि खोलीभर नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. "इन लोगों को अंग्रेज़ी किसने समझाई?"

मी उठले. मला आठवतंय की मी उठले. तोंड उघडायच्या आधी काका मध्ये आले. "समझाया किसी ने नहीं साहब. आपने ही कहा ना, एक-एक अक्षर. मैं कम पढ़ा आदमी, मेरे को लगा साहब बोल रहे हैं तो मानना चाहिए. ज़्यादा मान लिया क्या?"

मी पुन्हा खुर्चीत बसले. ते बसणं मला अजून बोचतं.

दुपारच्या ड्यूट्या चार दहापासून सुटायच्या होत्या आणि साहेबांना वरून फोन येत होते. पावणेतीनला त्यांनी मला बोलावलं आणि त्या वाक्याच्या जागी हिंदीत हातानं लिहायला सांगितलं की ड्यूटी हजेरीच्या सहीपासून किल्ली जमा होईपर्यंत धरली जाईल. मी लिहिलं. माझं अक्षर शाळेत चांगलं होतं, त्या दिवशी मी ते आणखी चांगलं काढलं. वरून संमती आली, सगळ्यांनी शेजारी पुन्हा सह्या केल्या. काकांनी या वेळी सही करायच्या आधी पेन वर धरलं.

"साहब, वो ग्यारह से चार का भी देख लेते."

"उसमें तो आप फ्री रहते हो. करते क्या हो उस टाइम?"

"फ्लैट देखता हूं."

साहेब मनापासून हसले, काकांची पाठ थोपटली आणि अकरा ते चार तसंच बिनपगारी राहिलं. मात्र आठवड्याभरात पत्र्याच्या शेडखाली दोन पंखे आणि माठ आले.

संध्याकाळी मी फाटकाशी काकांना गाठलं. म्हटलं, "काका, मी सांगायला पाहिजे होतं. मीच वाचलं म्हणून."

"काहून?"

"खोटं झालं ना."

ते घड्याळाला चावी देत होते. "तुले नोकरीले चार महिने झाले. माझे चार महिने उरले. कोणं बोलायचं, याचा चार्ट बनव बरं. रंग नको भरू."

चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. काका उभे राहिले, म्हणाले, "मेरा टर्मिनस आ गया," आणि बसले. त्यानंतर मी त्यांना वर्षभर पाहिलं नाही. फोन केला की म्हणत, "बिझी आहो." निवृत्त माणूस कशात बिझी असतो हे मी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझं लग्न झालं. मिस्टर इथेच एका सरकारी संस्थेत आहेत. आम्ही खरोखरचं घर बघायला निघालो, थ्री बीएचके नाही, एक बेडरूम. आई-बाबा कधी आले तर त्यांना पाठ टेकायला जागा हवी, एवढाच विचार. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही त्याच काचेच्या दारातून आत शिरलो.

काउंटरशी दुसरी एक मुलगी उभी होती. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि थांबायला सांगितलं, कारण दुर्गा मॅडम "एक सर के साथ बैठी हैं." मी पलीकडे पाहिलं. सोफ्यावर पांढऱ्या सदऱ्यातले लांजेवार काका, हातात माहितीपत्रक. टेबलावर चावीचं घड्याळ. समोर दुर्गा. दोन्ही सँडल पायातून निघालेल्या, पाय थंड फरशीवर पसरलेले, डोकं सोफ्याला टेकलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"ते सर नेहमी येतात का?" मी त्या मुलीला हिंदीत विचारलं.

"रोज़," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "लेंगे नहीं, हमको पता है. लेकिन दीदी, हम लोगों को दिन भर खड़े रहना है. बैठ सकते हैं तो बस कस्टमर के साथ. ये आते हैं तो आधा घंटा दुर्गा दीदी बैठती है, फिर मुझे बुलाते हैं, नक्शा समझाने." ती हसली. "मेरा नंबर साढ़े बारह का है."

काकांना आता कसली मधली सुटी नव्हती. गुढ़ियारीहून ते दोन बस बदलून, सदऱ्याला इस्त्री करून, अकरा ते चार भरायला येत होते.

मी सोफ्याजवळ गेले. त्यांनी मान वर केली. मला पाहिलं, माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, शेजारचे मिस्टर पाहिले, घड्याळाकडे नजर टाकली. ओळखीची एक रेषही चेहऱ्यावर उमटू दिली नाही.

"बेटी," ते दुर्गाला म्हणाले, आम्हाला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "ये लोग तो पक्के लेनेवाले दिखते हैं. इनको अभी बैठने दो. पहले मेरे को ये बताओ, बाथरूम की खिड़की पूरब में है कि नहीं?"

दुर्गानं डोळे न उघडता सांगितलं, "उत्तर में है, सर."

"हूं," काका म्हणाले आणि पान उलटलं.